अठरा नंबरची माशी

मला कोणी "आता आराम करा" म्हटलं की माझं डोकं फिरतं. आजारी माणसाला म्हणा, बाळंतिणीला म्हणा, मी मध्ये बोलणार नाही. पण मी चोपन्न वर्षांची, रोज नागपूरच्या मनीषनगरातून पार वाडीपर्यंत कामाला जाणारी बाई, आणि मला आराम सांगणारा माणूस माझ्या मुलाच्या वयाचा! एप्रिल महिना होता. गोदामाचा पत्रा तापून कडकड वाजत होता. नवा मॅनेजर हातात कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "काकू, पंचेचाळीसच्या वरच्या बायकांना पुढच्या महिन्यापासून पॅकिंगला बसवतोय. तिकडे कूलर आहे. तुम्हीही आता आराम करा."

मी हातातलं काम खाली ठेवलं नाही. ठेवताच येत नव्हतं. हुकावर पिसाचा तिसरा वेढा चालू होता, आणि तिथं हात सोडला की अख्खं पीस उलगडतं. चौथा वेढा घातला, पाचवा घातला, गाठ मारली, दोरा कापला, आणि मग मान वर करून म्हटलं, "मी कुठंच जाऊन नाई राहिली."

त्याला वाटलं मी गंमत करते आहे. हसला आणि कागद भिंतीवर चिकटवून गेला.

आधी हे काम काय ते सांगते, कारण अकरा वर्षं झाली तरी आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या बायकांना वाटतं की मी माश्या मारायच्या औषधाच्या कंपनीत जाते. आम्ही माश्या बांधतो. खोट्या माश्या, गळाला लावायच्या. ट्राउट नावाचा मासा असतो, थंड पाण्यातला. काश्मीर-हिमाचलात आहे, परदेशात तर फारच. तो पाण्यावर उतरलेल्या बारीक किड्यांवर झडप घालतो. म्हणून हुकावर दोरा, केस आणि पिसं गुंडाळून तसाच किडा बनवायचा आणि त्याला फसवायचं. बुडणारी माशी ती वेट, तरंगणारी ती ड्राय. वेट माशीत थोडं कमीजास्त चालून जातं. ड्राय माशीत चालत नाही. ती पाण्यावर पडली की पिसांच्या टोकांवर आणि शेपटीवर उभी राहिली पाहिजे, अंग पाण्यात भिजता कामा नये. हुकांचे नंबर उलटे असतात, नंबर मोठा तितका हूक लहान. अठरा नंबरचा हूक तांदळाच्या दाण्याएवढा. त्या दाण्यावर तीन-चार तंतूंची शेपटी, केसांचं अंग, दोन उभे पंख, गळ्याभोवती कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे पाच वेढे, आणि शेवटी डोक्यावर सुईच्या टोकानं वार्निशचा एक थेंब. तोही असा की हुकाचं नेढं बुजायला नको, नाहीतर गळाची दोरी ओवणार कुठून?

आणि हे सगळं करायचं पंखा बंद ठेवून. नागपूरच्या उन्हाळ्यात! पंखा लावला की पिसं उडतात. कूलर लावला की ओलसर हवेनं पिसं चिकटून बसतात. दारही बंद, कारण अमरावती रोडचे ट्रक गोदामासमोरून वळतात आणि धुळीचा लोट आत येतो. मनगटाला सुती पट्टी, कपाळाला रुमाल. घामाचा थेंब हुकावर पडला की ती माशी गेली. पॅकिंगच्या आणि वेटच्या टेबलाला मात्र कूलर. बाहेरच्या माणसाला वाटेल, ड्रायच्या या सहा बायकांना कसली तरी शिक्षा झाली आहे. आम्हाला तो मान वाटायचा. ड्रायच्या टेबलावरची बाई चहाला आली की बाकीच्या सरकून जागा द्यायच्या. खोटं काहून बोलू, मला ते फार आवडायचं.

लोक विचारतात, तुम्ही ट्राउट पाहिला तरी आहे का? नाही पाहिला. आमच्यापैकी एकीनंही पाहिलेला नाही. मग? दागिने घडवणारा सोनार काय प्रत्येक नवरीच्या लग्नाला जाऊन बसतो?

मी इथं आले ती एका पाटीमुळे. "हाताचं बारीक काम येणाऱ्या बायका पाहिजेत." मला वाटलं, भरतकाम असेल. मुलगा नोकरीसाठी हैदराबादला गेला होता, आमच्या ह्यांनी ऑफिसातून लवकर निवृत्ती घेतली होती, आणि दिवसभर ते वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. मला घराबाहेर पडायचं होतं. हाताचं बारीक काम म्हणाल तर मला फुलवाती यायच्या. लग्नाआधीपासून मी फुलवाती वळते. श्रावणात आजूबाजूच्या दहा घरांना माझ्या फुलवाती जायच्या, गांधीबागेतल्या पूजेच्या दुकानातही जायच्या. बोटाला दुधाचा हलका हात लावायचा, कापूस चिमटीत धरायचा आणि एकच पीळ द्यायचा. टोक उभं राहिलं पाहिजे, खालचं फूल फुललेलं पाहिजे.

इथं पहिल्या आठवड्यात मला माशीचं अंग जमेना. दोऱ्याला मऊ केस पिळून लावायचे असतात, ते माझ्या बोटाखालून निसटायचे. मग मी बह्याडासारखी एक गोष्ट केली. डब्याच्या झाकणात चहाचं थोडं दूध घेतलं, बोट बुडवलं आणि फुलवात वळावी तसे केस वळले. अहाहा! काय सुंदर अंग झालं! दिवसभरात वीस माश्या बांधल्या आणि खोक्यात ठेवून ऐटीत घरी गेले. दुसऱ्या दिवशी खोकं उघडलं तर मुंग्यांची रांग. पिसांची टोकं कुरतडलेली, वर आंबूस वास. तेव्हाच्या चेकर बाई, माश्या भिंगाखाली तपासणाऱ्या, साठीच्या होत्या. त्यांनी खोकं नाकाजवळ नेलं आणि अख्ख्या गोदामाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अवं बाई, हे मासे पकडाले हाये का देवापुढं लावाले हाये?"

सगळ्या टेबलांवर हशा. मी लाजेनं लाल झाले, पण हटले नाही. त्याच बाईंनी मग मला जवळ बसवलं. म्हणाल्या, तुझा पीळ चांगला आहे, फक्त कोरड्या बोटानं दे, सैल दे, अंगात हवा राहू दे. बाकीच्या बायका केस वळताना बोटाला थुंकी लावायच्या. थुंकीनं अंग घट्ट आणि गुळगुळीत होतं, दिसायला छान, पण पाणी लवकर पितं. कोरडा सैल पीळ द्यायला फुलवातीचा हात लागतो, तो माझ्याकडे होता. सहा महिन्यांत मी ड्रायच्या टेबलावर बसले. तेव्हापासून खिडकीजवळचं तिसरं स्टूल माझं.

घरी काय कमी कटकट झाली? आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. आमचे हे म्हणाले, "अवं, त्या कोंबड्याच्या पिसाचे हात, अन् त्याच हातांनी देवाच्या फुलवाती?" मी म्हटलं, हो, त्याच हातांनी. साबण आहे, पाणी आहे. तुमच्या ऑफिसातले हात काय गंगेत धुतलेले होते? नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. उलट एकदा शेजाऱ्यांना सांगताना मी ऐकलं, "मिसेसचं काम एक्स्पोर्टचं आहे."

आता खरं ते सांगते. मॅनेजरनं तो कागद लावला तेव्हा मी हादरले होते, आणि त्याचं कारण फक्त अपमान नव्हतं. माझा डावा डोळा गेलं वर्षभर मला दगा देत होता. आधी वाटलं चष्म्याची काच मळली आहे. पुसून पुसून काचेवर ओरखडे पडले. मग दोरा दुहेरी दिसायला लागला. संध्याकाळी परतताना ट्रकच्या दिव्यांभोवती कडी दिसायची, म्हणून मी स्कूटी सोडली आणि घरी सांगितलं की गुडघा दुखतो. वेढे मी डोळ्यानं मोजायचं सोडून बोटानं मोजायला लागले. हे मी कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडेही गेले नव्हते. मोतीबिंदू हा शब्द एकदा कानावर पडला की ते स्टूल गेलं, असं मी मनात धरून बसले होते. माझ्या उभ्या आयुष्यात मी अमक्याची मुलगी, अमक्याची बायको, अमक्याची आई. त्या एका टेबलावर मी फक्त तिसऱ्या स्टुलावरची बाई होते, आणि तिथं माझ्या हाताची किंमत होती. ते जाईल या विचारानं मला रडू यायचं. रडायचे, आणि मग रडल्यानं डोळा आणखी धूसर व्हायचा, की मग चिडायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

"सर, तो कागद काढा."

"काकू, नियम आहे. डोळ्यांवर ताण येतो. माझ्या आधीच्या कारखान्यात असंच होतं." त्याचा आधीचा कारखाना शर्टांचा. इथं येऊन दीड महिना झाला होता.

"नियम कोणी केला? ट्राउटनं?"

"तुमच्या भल्यासाठीच आहे."

"माझं भलं मले विचारून करा ना! माझं काम पाहा. वाईट निघालं तं काढा. चांगलं निघालं तं वय काहून विचारता गा?"

तोंडातून "गा" निघून गेलं, आमच्याकडचं सलगीचं "रे". पुण्याकडचा माणूस, त्याला ते कळलं नाही, नाहीतर मॅनेजरला गा म्हटलं म्हणून वेगळंच प्रकरण झालं असतं. तो माणूस वाईट नव्हता. पेन फिरवत म्हणाला, "ठीक आहे. अठरा नंबरच्या बारा माश्या तुम्ही बांधा. तुमच्या टेबलावरची दुसरी कोणी चांगली असेल, पंचेचाळीसच्या आतली, तीही बारा बांधेल. चेकर तपासेल. मग बोलू."

दुसरी चांगली म्हणजे माझ्या शेजारच्या स्टुलावरची. तिशीतली, हाताला भल्ली तेज. तिला मीच शिकवलं होतं. तिला हे सांगितलं तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. "काकू, मले नाई करायचं हे." मी म्हटलं, "करशीन. अन् मुद्दाम खराब करशीन तं माझ्याशी बोलू नको." तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "पण काकू, तुमचा डोळा..." म्हणजे तिला माहीत होतं! वर्षभर शेजारी बसून ती सगळं बघत होती आणि गप्प होती. मी म्हटलं, "दोरा काढ तुझा. बस झालं."

दुपारी बसलो. दार बंद, उकाडा असा की श्वास घेणं म्हणजे काम. आजूबाजूच्या टेबलांवरच्या बायका काम करायचं नाटक करत होत्या. मी पहिला हूक शिकंज्यात, म्हणजे हूक घट्ट धरून ठेवणाऱ्या चिमट्यात, अडकवला. शेपटी लावताना तंतू मला एकाचे दोन दिसत होते, म्हणून मी डावा डोळा मिटला. एका डोळ्यानं खोलीचा अंदाज येत नाही, दोरा हुकाच्या पुढं आहे का मागं तेच कळत नाही. मग मी अंगठ्याच्या नखानं शेपटी चाचपून सरळ केली. पंख चाचपून उभे केले. अंगाचा पीळ तर मला आंधळेपणीही आला असता. वेढे मनात मोजले. एक माशी झाली, दुसरी झाली. पाठीवरून घामाची धार निघाली होती. शेजारणीच्या बारा झाल्या तेव्हा माझ्या नऊ झाल्या होत्या. मी घाई केली नाही. बाप्पा, दुपार आयुष्यात कधीच इतकी लांब वाटली नव्हती.

चेकरनं भिंग लावलं. आताची चेकर चाळिशीची, कडक, कोणाची भीडमुर्वत न ठेवणारी. तिनं शेजारणीच्या बाराच्या बारा पास केल्या. माझ्या बारांतल्या तीन बाजूला काढल्या. "एकीची शेपटी तिरपी हाये. दोघींचे पंख सारखे नाईत."

मॅनेजरचा चेहरा बोलला. त्याला माझी दया येत होती. दया! रागानं माझी कानशिलं तापली. मी उठले, चहाच्या खोलीतून परात आणली, पिंपातलं पाणी तिच्यात ओतलं आणि टेबलावर आदळली.

"माशी भिंगाखाली राहते का पाण्यावर? टाका यात. माझ्या बाराही टाका, काढलेल्या तीन धरून."

"काकू, असं आपल्याकडे करत नाही," मॅनेजर म्हणाला.

"काहून नाई करत? ज्याच्यासाठी बांधतो थेच नाई पाहायचं?"

चेकरला बहुतेक स्वतःलाच बघायचं होतं. तिनं आधी शेजारणीच्या माश्या वीतभर उंचीवरून सोडल्या. सगळ्या तरंगल्या. मग परातीच्या दुसऱ्या बाजूला माझ्या सोडल्या. माझ्या बारा पिसांच्या टोकांवर उभ्या राहिल्या, अंग पाण्याच्या वर. सगळ्या टेबलांवरच्या बायका येऊन वाकल्या होत्या. चेकर म्हणाली, "कोणी श्वास सोडू नका वं." थोड्या वेळानं शेजारणीची एक माशी कलंडली. मग दुसरी. त्यांची अंगं पाणी प्यायला लागली होती. चार बुडाल्या. माझी एकही बुडाली नाही, त्या तीन वाकड्याही नाही. शेजारणीनं कपाळावर हात मारला. "थुंकी लावली मी! घाईत लावली! काकू, तुम्ही हजारदा सांगतलं होतं." आणि ती चक्क हसायला लागली, बाकीच्याही हसल्या. एकीनं तर टाळी वाजवली.

मी जिंकले होते. मला वाटलं, आता मॅनेजर कागद फाडेल. पण तो परातीकडे बघत होता. त्यानं त्या तीन वाकड्या माश्यांतली एक बोटावर घेतली आणि अगदी शांतपणे विचारलं, "काकू, हात इतका चांगला आहे तुमचा. मग ही शेपटी तिरपी का झाली? खरं सांगा. डोळ्याला काही होतंय का?"

शेजारीण खाली बघायला लागली. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. पाण्यावर माझ्या माश्या उभ्या होत्या, माझ्या बाजूनं सगळ्या जणी होत्या. पण वर्षभर खोटं बोलून मी कंटाळले होते, आणि घाबरून घाबरून तर त्याहून जास्त.

"हो," मी म्हटलं. "डाव्या डोळ्यावर पडदा आला हाये. वर्ष झालं. कोणाले सांगतलं नाई, कारण तुम्ही हेच करान म्हून माहीत होतं. पण सर, एक समजून घ्या. तुमच्या कागदावर वय लिहिलं हाये. वय काढता येत नाई. मोतीबिंदू काढता येते. लिहायचंच होतं तं डोळे तपासा असं लिहायचं, अन् सगळ्यांचे तपासायचे, वीसवालीचे बी अन् साठवालीचे बी. मी ऑपरेशन करून येते. तोवर माझ्या स्टुलावर कोणी बसायचं नाई. परत आली अन् नाई जमलं, तं मी स्वतः पॅकिंगले जाईन. तुमाले सांगावं नाई लागणार."

एवढं बोलून मी रडले. सगळ्यांसमोर, नाक ओढत. काय करणार, आलं रडू. चेकरनं परात उचलून बाजूला ठेवली आणि मला पाणी दिलं, प्यायचं. मॅनेजर म्हणाला, वर विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा, मी चालली डॉक्टरकडे.

घरी सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे गुडघा दुखत नव्हता?" मी म्हटलं, नाही. "अन् मी रोज तेल गरम करून देऊन राहिलो होतो!" भयंकर चिडले. वर्षभराच्या तेलाचा राग त्यांनी पुढचे चार दिवस काढला, पण दवाखान्यात माझ्यासोबत तेच बसले आणि थेंब घालायच्या वेळा कॅलेंडरवर तेच लिहायचे. तीन आठवडे मी घरी होते. धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, स्वयंपाकघराच्या धुरात उभं राहायचं नाही. म्हणजे शेवटी सगळ्यांनी मिळून मला आराम करायला लावलाच. मी खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग मोजायचे. दिवसातून दहा वेळा वाटायचं, स्टूल गेलं असणार.

जून लागल्यावर गेले. स्टूल होतं. त्यावर शेजारणीनं आपली ओढणी घडी करून ठेवली होती, कोणी बसू नये म्हणून. भिंतीवरचा जुना कागद गेला होता, नवा होता: ड्रायच्या टेबलावरच्या सर्वांची दरवर्षी डोळ्यांची तपासणी. वयाचा एक शब्द नव्हता. मी तो कागद दोनदा वाचला. अक्षरं अशी काळीभोर, ठसठशीत दिसत होती की वाचायलाच मजा आली.

मग मी पिसांची पाकिटं उघडली आणि चाट पडले. ज्या पंखाच्या पिसाला मी करडं म्हणत होते ते निळसर होतं. ज्याला मी पिवळं समजत होते ते जवळजवळ पांढरं. मी किती दिवस काय बघत होते कुणास ठाऊक! मी एकेक पीस उजेडात धरून बघत बसले. बायका हसत होत्या, हसू दे म्हटलं.

तेवढ्यात मॅनेजर आला. खुशीत होता. त्याच्या हातात बुचाच्या लाकडाचा एक छोटा तुकडा होता आणि त्यावर ओळीनं टोचलेल्या बारा माश्या. "काकू, ओळखल्या का? तुमच्याच आहेत, त्या दिवसाच्या. वाळवून ठेवल्या. आता नव्या बायकांना हेच सॅम्पल म्हणून दाखवतो. अशी तरंगली पाहिजे म्हणून."

मी तो तुकडा हातात घेतला. नव्या डोळ्यानं बघितलं.

चेकरनं काढलेल्या तीन तर वाकड्या होत्याच. पण ज्या पास झाल्या त्यांतल्याही चार मला पटल्या नाहीत. एकीचे वेढे एकावर एक चढलेले. एकीचा पंख केसभर जाड. एकीचं डोकं ढोबळ, वार्निशचा थेंब पसरलेला. एकीची शेपटी एका बाजूला झुकलेली, अगदी कळत नकळत. भिंगातून सुटलं असेल, पण माझ्या हातून सुटायला नको होतं. हे मी बांधलं? आणि यावरून मी परात आपटून भांडले? मला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग संताप आला. डोळ्याबद्दल त्या माणसाचा संशय खरा होता, हे मला तेव्हा मान्य करावं लागलं. वयाबद्दलचा खोटा होता, तेही तितकंच खरं.

मी बुचावरून एकेक करून सात माश्या काढल्या आणि ब्लेड घेतलं.

"अहो, काय करताय?" मॅनेजर घाईनं पुढं आला. "या सॅम्पलच्या आहेत! सगळ्यांसमोर तरंगल्या होत्या!"

"तरंगल्या. मासा बी फसंन. मी नाई फसत आता."

"काकू, राहू द्या ना," शेजारीण म्हणाली. "याच माश्यांवर तं तुम्ही जिंकल्या."

"म्हून तं."

पहिल्या माशीच्या गळ्यावर ब्लेड टेकवलं. दोरा तुटला, पिसाचे पाच वेढे उलगडून टेबलावर पडले, पंख निघाले, केस निघाले. एकीमागून एक सातही हूक मी स्वच्छ मोकळे केले. मग पहिला हूक शिकंज्यात अडकवला, दोरा लावला, शेपटीचे तंतू चिमटीत घेतले. मॅनेजर अजून तिथंच, माझ्या आणि खिडकीच्या मध्ये उभा होता.

"सरका जरा," मी म्हटलं, "उजेड अडवून राहिले तुम्ही."